जग्वार : कॉव्हेंट्रीपासून पिंपरी-चिंचवडपर्यंत
१९४५ साली ‘एसएस’ हे जुने नामाभिधान टाकून ‘जग्वार’ हे नाव धारण करणाऱ्या, विल्यम लायन्स यांच्या या कारखान्याने १९४८ च्या लंडन प्रदर्शनात मांडलेली ‘एक्सके १२०’ ही मोटार ताशी १२० मैल वेगाची ग्वाही नावातच वाहत होती. पुढे १९५१ ते १९५७ या अवधीत ल माँची चोवीस तासांची शर्यत जग्वारने पाच वेळा जिंकली, आणि त्यांपैकी १९५३ च्या विजयाचे श्रेय इंजिनाच्या शक्तीइतकेच, किंबहुना अधिक, डिस्क ब्रेकच्या सामर्थ्याला द्यावयास हवे. विलीनीकरण, सरकारी अंमल, खासगीकरण व फोर्डची मालकी अशी स्थित्यंतरे घडून २००८ साली टाटा मोटर्सने लँड रोव्हरसह ही कंपनी सुमारे २३० कोटी डॉलरांस खरेदी केली. २०१३ पासून जग्वारच्या ‘एक्सएफ’ या मोटारीची जुळणी पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यात होऊ लागली.