निशाणी पाच ते दरखास्त

पारनेर असो, शेवगाव असो वा अकोले, बांधाचा तंटा पेटला की अहिल्यानगर जिल्ह्यातलं गाव दिवाणी कोर्टाच्या बोलीत बोलू लागतं. ‘दावा टाकलाय’, ‘कैफियत यायचीय’, ‘निशाणी पाचवर मनाई मिळाली’. दाव्याच्या कागदांना क्रमांक पडतात. दावा स्वतः निशाणी एक, आणि तातडीच्या मनाई हुकमाचा अर्ज बहुधा पाचवा. म्हणून त्या अर्जाला सगळे ‘निशाणी पाच’च म्हणतात. जमीन आपल्या ताब्यात आहे हे इथे ज्याला दाखवता आलं, त्याने माझ्या मते निम्मं युद्ध जिंकलं. उरलेलं निम्मं वर्षानुवर्षं चालतं.

समन्स बजावलं की 30 दिवसांत प्रतिवादीने कैफियत, म्हणजे लेखी उत्तर, द्यायची; कारणं नोंदवून कोर्ट ती मुदत 90 दिवसांपर्यंत वाढवू शकतं. मग मुद्दे निघतात, सरतपास प्रतिज्ञापत्रावर होतो, उलटतपास होतो, युक्तिवाद आणि निकाल होतो. निकालाच्या आधारे हुकूमनामा तयार होतो.

आणि समन्स मिळूनही प्रतिवादी फिरकलाच नाही तर? दावा एकतर्फी चालतो. आज असा हुकूमनामा रद्द करून घ्यायला 30 दिवसांत अर्ज करता येतो. दीडशे वर्षांपूर्वी मात्र याच ‘एकतर्फी’ने हा जिल्हा पेटला होता.

1859 साली दिवाणी प्रक्रियेचा पहिला अखिल भारतीय कायदा आला. त्याच वर्षीच्या मुदतीच्या कायद्याने साध्या रोख्यावरच्या दाव्याला तीन वर्षांची मर्यादा घातली. हेतू कुणब्याला जुन्या कर्जातून सोडवण्याचा होता, घडलं उलटं. मुदत संपत आली की सावकार व्याज मुद्दलात घालून नवा रोखा लिहून घेई. खाली नांगराची खूण. मग दावा. शेतकऱ्याला वाचता येत नसे, कोर्ट लांब, वकिलाला पैसे नाहीत. तो गैरहजर राही आणि सावकाराच्या हाती एकतर्फी हुकूमनामा पडे. त्यातच अमेरिकेतलं यादवी युद्ध संपल्यावर कापसाचे भाव कोसळले, शेतसारा वाढला.

12 मे 1875 रोजी सुपे इथे उठाव झाला. (हे पुणे जिल्ह्यातलं सुपे; पारनेर तालुक्यातलं, आज औद्योगिक वसाहतीमुळे ओळखलं जाणारं सुपे निराळं.) लोण लवकरच पारनेर, श्रीगोंद्याच्या गावांत पोचलं. जमाव सावकाराच्या जिवावर क्वचितच उठला. त्याला हवे होते रोखे, खतं, हुकूमनामे. ते काढून जाळले. कोर्ट कागदावर चालतं, हे त्या निरक्षर माणसांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

चौकशी आयोग बसला आणि 1879 मध्ये पुणे, सातारा, सोलापूर, नगर (आजचं अहिल्यानगर) या चार जिल्ह्यांसाठी दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. प्रक्रियेच्या दृष्टीने तो मला आजही धाडसी वाटतो. रोख्यावर लिहिलेली रक्कम प्रमाण न मानता न्यायाधीशाने व्यवहार मुळापासून तपासायचा, शक्य तिथे प्रतिवादी शेतकऱ्याची स्वतः तपासणी करायची, हप्ते बांधून द्यायचे. पैशाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्याला कैद बंद झाली. जमीन स्पष्टपणे गहाण नसेल तर तिची जप्तीही बंद. न्या. महादेव गोविंद रानडे याच कायद्याखाली स्पेशल जज्ज होते. खालच्या कोर्टांचं या कायद्याखालचं काम तपासणं त्यांच्याकडे होतं. सावकारही हुशार निघाले. गहाणखताऐवजी ते सरळ खरेदीखत करून घेऊ लागले.

आजच्या 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत कलम 60 आहे. शेतकऱ्याची औतं, उपजीविकेला लागणारी जनावरं, बियाणं आणि राहतं घर यांना ते सर्वसाधारणपणे जप्तीतून वगळतं. बेलिफ दारात आला तर हे कलम ठाऊक असलेलं बरं.

पण बेलिफ येण्याआधी दरखास्त लागते, म्हणजे हुकूमनामा अंमलात आणण्याचा अर्ज. ती साधारण बारा वर्षांच्या आत द्यावी लागते. हिंदुस्थानात पक्षकाराच्या अडचणी हुकूमनामा मिळाल्यावर सुरू होतात, असं प्रिव्ही कौन्सिलने 1872 सालीच म्हणून ठेवलं. दरखास्ती सहा महिन्यांत निकाली काढा, असं सर्वोच्च न्यायालयाला 2021 मध्ये सांगावं लागलं. वाटपाच्या दाव्यात तर कोर्टाने हिस्से ठरवले, तरी साऱ्याच्या शेतजमिनीची प्रत्यक्ष वाटणी कलम 54 प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते. मग मोजणी, मग हरकती. दरम्यान वादी वारला, तर आधी त्याच्या वारसांची नावं लावून घ्यायची.