सी भाषेतील कळफलक-आदान : ‘वगळल्या जाणाऱ्या’ नोंदीची कारणमीमांसा

प्रस्तावना :
सी भाषेतील एखादा प्रोग्रॅम प्रथम विद्यार्थ्याचा हजेरी क्रमांक व नंतर त्याचे नाव विचारतो. क्रमांक टंकित करून एन्टर कळ दाबताच नाव विचारणारा संदेश पडद्यावर उमटतो. परंतु नाव लिहिण्याची संधी न देताच प्रोग्रॅम पुढे सरकतो. कंपायलरने कोणतीही चूक दाखविलेली नसते. नोंद मात्र नावाविना साठविली जाते. प्रोग्रॅम बंद पडत नसल्याने हा दोष दीर्घकाळ लक्षात येत नाही, हे अधिक गंभीर आहे.

कारणमीमांसा :
कळफलकावरून आलेली अक्षरे थेट चलात जात नाहीत. ती प्रथम बफर या तात्पुरत्या साठ्यात जमा होतात. ‘42’ लिहून एन्टर दाबल्यास बफरमध्ये ‘4’, ‘2’ आणि नवओळ अशी 3 चिन्हे येतात. ‘स्कॅनएफ’ हे फंक्शन पूर्णांक वाचताना अंक नसलेले चिन्ह दिसताच थांबते व नवओळ चिन्ह बफरमध्येच सोडते. त्यानंतरचे ‘एफगेट्स’ हे फंक्शन नवओळ मिळेपर्यंत वाचते. त्याला पहिलेच चिन्ह नवओळ मिळते आणि वाचन तेथेच संपते. दोन्ही फंक्शने आपापल्या नियमांनुसार अचूक वागतात. दोष त्यांच्या एकत्रित वापरात आहे. लागोपाठ दोन पूर्णांक वाचताना ही अडचण येत नाही, कारण पूर्णांकापूर्वीची रिक्त चिन्हे ‘स्कॅनएफ’ स्वतःच ओलांडते.

निदान :
नावासाठी वाचलेल्या पहिल्या चिन्हाचे अंकमूल्य छापून पाहावे. आस्की संकेतप्रणालीत ते 10 आल्यास उरलेली नवओळ हेच कारण ठरते.

उपाययोजना :
‘एफफ्लश’ या फंक्शनने आदान-बफर रिकामा करण्याचा प्रघात अनेक ठिकाणी आढळतो. तथापि हे फंक्शन प्रदानासाठी आहे. आदानाबाबत त्याचे वर्तन सी भाषेच्या प्रमाणकाने निश्चित केलेले नाही. त्यामुळे एका कंपायलरवर चालणारा प्रोग्रॅम दुसऱ्यावर फसतो. उरलेली चिन्हे नवओळीपर्यंत एकेक करून वाचून टाकणे हा निर्दोष मार्ग होय. त्याहून उत्तम म्हणजे प्रत्येक वेळी ‘एफगेट्स’ने संपूर्ण ओळ वाचावी व मग ‘एसस्कॅनएफ’ने तीतून अंक काढावा. ‘गेट्स’ हे जुने फंक्शन मात्र टाळावे. साठ्याची मर्यादा न तपासण्याच्या दोषामुळे ते 2011 च्या प्रमाणकातून वगळण्यात आले.

अंकाऐवजी अक्षर टंकित झाल्यास ‘स्कॅनएफ’ शून्य हे मूल्य परत करते आणि ते अक्षर बफरमध्येच राहते. आवर्तनात असे घडल्यास प्रोग्रॅम अखंड फिरत राहतो. म्हणून परत आलेले मूल्य तपासणे अनिवार्य आहे.

निष्कर्ष :
जावा भाषेत 2004 साली आलेल्या ‘स्कॅनर’ वर्गातही पूर्णांकानंतर ओळ वाचताना हाच प्रकार घडतो. यावरून ही अडचण एका भाषेपुरती नाही, हे स्पष्ट होते. आदान म्हणजे चिन्हांचा सलग प्रवाह असून प्रत्येक फंक्शन त्यातील किती भाग उचलते व किती मागे ठेवते, हे जाणून घेणे हाच अशा दोषांवरील खरा उपाय होय.