दाखल नोंदवही

"भिजलेली पुस्तकं वाळवतायत म्हणे. एक दिवस त्यांच्या हाताखाली काम कर, मग लिही," असं संपादकांनी सांगितलं आणि मी चिपळूण गाठलं. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठी आणि शिव नदीचं पाणी बाजारपेठेत शिरलं होतं. मी पोचले ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, तेव्हाही पावसाची धार तुटलेली नव्हती.

हे गाव वाचणाऱ्यांचं आहे. इथलं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर 1864 सालचं. मी गेले ते काम मात्र कुठल्याच संस्थेचं नव्हतं. एका मंगल कार्यालयाचा वरचा मजला मालकांनी मोकळा करून दिला होता. शिक्षक, कॉलेजची मुलं, दोन बँकवाले, शेजारपाजारच्या बायका असं सगळं मनुष्यबळ. घराघरांतून, शाळांतून, आसपासच्या लहान वाचनालयांतून पुस्तकं तिथे येत होती.

मला घमेल्यापाशी बसवलं. पुस्तक मिटलेलंच घट्ट धरायचं आणि कडांवरचा गाळ पाण्यात अलगद सोडवायचा. उघडलं की गाळ आत शिरतो. मग ते उभं करून पानं पंख्यासारखी पसरायची. जास्त भिजलेलं असेल तर ते आडवं ठेवून दर दहा-पंधरा पानांनी कोरा कागद घालायचा आणि तो ओला झाला की बदलायचा. दुपारपर्यंत मी हेच केलं. बोटं पांढरी पडली आणि गाळाचा वास केसांत बसला.

पण माझं लक्ष कोपऱ्यातल्या टेबलाकडे होतं. तिथे सत्तरीचे एक बाइंडरकाका एकच वही घेऊन सकाळपासून बसले होते. ती एका गावच्या वाचनालयाची दाखल नोंदवही. भिजलेली पुस्तकं फुगतात आणि कपाटाचं दार आतूनच घट्ट होतं; त्या वाचनालयाचं कपाट आदल्या दिवशी पहारीने उघडलं, तेव्हा ही वही सापडली.

"पुस्तकं परत विकत मिळतील हो ताई," काका म्हणाले, "पण आपल्याकडे काय होतं, हे दुसरीकडे कुठे लिहिलंय?"

दाखल क्रमांक, तारीख, पुस्तकाचं नाव, लेखक, किंमत, कोणाकडून आलं. गावाने काय वाचलं, कोणी वडिलांच्या स्मरणार्थ काय दिलं, ते सगळं त्या रकान्यांत. गेलेली पुस्तकं रीतसर बाद करायची, तरी हेच क्रमांक लागतात. काका बांबूची चपटी पट्टी दोन पानांमध्ये सरकवायचे, थांबायचे, पान स्वतःहून सुटेल तेवढंच उचलायचे. एका पानाला कधी दहा मिनिटं लागायची. त्यांना घाईत मी एकदाही पाहिलं नाही. इतकी वर्षं लोकांची पुस्तकं शिवली, त्यांतली कितीतरी आता खालच्या ढिगात आहेत, हे त्यांनी मला मागाहून सांगितलं, तेही पट्टीवरची नजर न उचलता.

अलीकडची पानं बॉलपेनची, ती बरीचशी शाबूत होती. अडचण जुन्या पानांची. दौतीतली निळी शाई पाण्यात उतरली होती आणि ओळींच्या जागी फिकट डाग राहिले होते. पोथ्यांच्या शाईतलं काजळ असं पाण्यात विरघळत नाही. एक मुलगी काकांच्या शेजारी बसून पान सुटलं की मोबाईलवर फोटो काढत होती; वाळेपर्यंत आणखी काय पुसलं जाईल याचा भरवसा नव्हता.

कागद भिजला की दोन-तीन दिवसांत बुरशी धरते, आणि इथे तर हवाच ओली. पंखे लावले तरी ते ओलाच वारा फिरवतात. त्या दिवशी दुपारी वीज गेली आणि तेही थांबले. गुळगुळीत कागदाची पुस्तकं एकदा वाळली की त्यांची वीट होते, पान पानाला कायमचं चिकटतं. दिवाळी अंकांची रंगीत पानं अशीच गेली. भिजलेली पुस्तकं गोठवून ठेवली तर बुरशी थांबते आणि सवडीने वाळवता येतात. रत्नागिरीला मासळीची शीतगृहं आहेत. एकाने तिथे विचारावं असं सुचवलं. पण गाळाने माखलेल्या पुस्तकांची पोती मासळीशेजारी कोण ठेवून घेणार आणि किती दिवस? उत्तर कोणाकडेच नव्हतं. काळी बुरशी धरलेली पुस्तकं वेगळी काढून खाली न्यावी लागत होती. नेणारी मुलं जिन्यात थांबून नावं वाचत, म्हणून फेऱ्यांना वेळ लागत होता.

पाचच्या सुमारास त्याहून साधी अडचण उभी राहिली. पानांमध्ये घालायला कोरडा कागद संपला. रद्दीवाल्यांची दुकानं पाण्यात गेलेली, छापखाने गाळात, लोकांच्या घरचे पेपरही भिजलेले. छापलेला पेपर तसाही बरा नाही, त्याची शाई ओल्या पानावर उठते. एक मास्तर परीक्षेच्या कोऱ्या उत्तरपत्रिका मिळतात का ते बघायला पावसात बाहेर पडले. काकांनी वापरलेले कागद दोरीवर टाकले होते. ते त्यांनी एकेक करून गालाला लावून पाहिले आणि त्यातल्या त्यात कोरडे सात निवडले.

निघताना मी वहीकडे पाहिलं. दिवसभरात एकोणीस पानं सुटली होती. उरलेला गठ्ठा बोटाच्या दोन पेरांएवढा जाड होता.

"उद्या याल तर येताना कोरा कागद आणा," काका म्हणाले. "मिळेल तेवढा."