विश्लेषण : कोल्हापुरी चप्पल नात्यागोत्याच्या आधारावर कशी टिकली?

जून 2025 मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये ‘प्राडा’च्या मॉडेल्सच्या पायांत कोल्हापुरीसारखी चप्पल दिसली आणि श्रेय कुणाचे, यावरून वाद पेटला. पुढे कंपनीने भारतीय हस्तकलेची प्रेरणा मान्य केली. पण ही चप्पल घडवणारी घरे इतक्या पिढ्या कशाच्या बळावर तगली?

एका चप्पलमागे किती हात?

पारंपरिक पद्धतीत ढोर समाजातील कारागीर बाभळीची साल आणि हिरडा वापरून कातडे कमावतात. पुढचे काम चर्मकार कुटुंबांचे. बहुतेक घरांत पुरुष तळ कापतात, ठोकतात. वेणी विणणे, शिवण, सजावट बायकांकडे. खिळा एकही नाही, शिवण चामड्याच्या वादीची. बहुतेकांची शाळा म्हणजे घरच. लेक आईकडून वेणी शिकते, सून सासूकडून. मोठी ऑर्डर आली की काम भावकीत आणि शेजारी वाटले जाते, त्यामुळे कारखाना न उभारताही माल वेळेत निघतो.

सीमाभागाचे काय?

2019 मध्ये मिळालेले भौगोलिक मानांकन महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर अशा आठ जिल्ह्यांना आहे. राजकारणात सीमावाद धुमसत असला, तरी निपाणी-अथणीची चप्पल कोल्हापूरच्या बाजारात विकली जातेच.

आधार की बेडी?

दोन्ही. बँकेला तारण लागते, व्यापाऱ्याला ओळख पुरते. तो कातडे आणि उचल देतो, कारागीर माल देऊन फेडतो. अडीनडीला हा मोठाच आधार. पण अंगावर उचल असलेला माणूस दरासाठी भांडणार कसा? वेणीची मजुरी घरखर्चात विरते, बाईच्या नावावर काहीच दिसत नाही. त्यात महाराष्ट्रात 2015 मध्ये गोवंश हत्याबंदीचा कायदा कडक झाला, कातड्याची टंचाई वाढली. शिवाय या कामाला चिकटलेला जातीचा शिक्का अनेक तरुणांना नकोसा वाटतो, आणि त्यात त्यांची चूक नाही.

मग पर्याय?

नाती तीच, हिशेब वेगळा. अथणीत 1990 च्या दशकाच्या अखेरीस महिला कारागिरांचे बचत गट उभे राहिले. त्यातूनच पुढे ‘टो होल्ड’ या नावाने चपला परदेशी जाऊ लागल्या. शेजारणी त्याच, वेणीही तीच. फक्त बचतीच्या वहीत आता बाईचे नाव होते.