आजीच्या घरची बोलकी तसबीर

बालमित्रांनो, आजीच्या भिंतीवरच्या तसबिरीतला फोटो बदलत नाही. तुम्ही मात्र दर सुट्टीत चार बोटं उंच होता. म्हणून गेल्या वर्षी आम्ही घरच्या मुलांना हाताशी घेऊन साताऱ्याच्या आजीसाठी बदलत्या फोटोंची चौकट बनवली. ती दोन महिन्यांत बंद पडली! दुसरी करताना भाग कसे निवडले, ते सांगतो.

पडदा : जुन्या लॅपटॉपचा पडदा चालतो. त्यामागे मॉडेल नंबर असतो. त्यालाच जुळणारी चालक पाटी वेगळी विकत घ्यावी लागते. पडदा एलईडी दिव्याचा हवा. त्याहून जुन्या पडद्यांत पारा असलेली नळी आणि मोठा विद्युतदाब असतो, ते नकोत. आजी खाटेवर बसून बाजूने पाहते, म्हणून आम्ही आय.पी.एस. जातीचा पडदा घेतला. त्यात तिरकं पाहिलं तरी रंग टिकतात. आकारही पाहा. 4:3 चा आडवा फोटो 16:9 च्या पडद्यावर पूर्ण दाखवला, तर पाव पडदा काळा राहतो.

संगणक : 2021 साली आलेला रास्पबेरी पाय झीरो 2 डब्ल्यू आम्हाला पुरला. स्मृती फक्त 512 मेगाबाइट, पण स्थिर फोटोंना तेवढी बास. मात्र 4000 × 3000 ठिपक्यांचा फोटो उलगडला की सुमारे 36 मेगाबाइट जागा खातो आणि पडद्यावर ठिपके असतात 1920 × 1080. म्हणून फोटो आधीच लहान करून ठेवावेत. त्याचं वायफाय 2.4 गिगाहर्ट्झचंच आहे. आजीकडचा राउटर तपासून घ्या.

वीज : या संगणकाला 5 व्होल्ट, 2.5 अँपिअरचा अडॅप्टर लागतो. पडद्याची वीज बहुधा वेगळी असते. जर्मनी आणि भारत, दोन्हीकडे 230 व्होल्टच आहेत, पण इथला जाड प्लग तिथल्या सॉकेटमध्ये नीट बसत नाही. अडॅप्टर तिथेच घ्यावा.

कार्ड : आमची पहिली चौकट इथेच फसली. साताऱ्यात वीज गेली, त्याच क्षणी मेमरी कार्डावर लिहिणं चालू होतं. माहिती अर्धवट राहिली आणि संगणक पुन्हा उठलाच नाही. आता कार्ड 'फक्त वाचा' अशा स्थितीत ठेवलं आहे आणि फोटो वेगळ्या पेनड्राइव्हवर असतात.

घड्याळ : या संगणकात सेलवर चालणारं घड्याळ नसतं. वीज आली पण इंटरनेट आलं नाही, तर वेळ चुकते आणि पडदा रात्री भलत्याच वेळी उजळतो. म्हणून नाण्याएवढ्या सेलवरचं छोटं घड्याळ जोडलं. वेळ भारताची ठेवली. ती इथल्यापेक्षा हिवाळ्यात साडेचार तास आणि उन्हाळ्यात साडेतीन तास पुढे असते.

चौकट बंद होती, तेव्हा आजीने आम्हाला कळवलंच नाही. "तुम्ही कामात असाल, म्हणून नवे फोटो आले नाहीत," असं ती समजून बसली होती. म्हणून आता चौकट रोज सकाळी आम्हाला 'मी चालू आहे' असा निरोप धाडते. निरोप आला नाही, की आम्ही आजीला फोन करतो.

तर मित्रांनो, घरातला जुना लॅपटॉप वेर्टश्टॉफहोफला नेण्यापूर्वी त्याचा पडदा कामाचा आहे का, ते पाहा. स्क्रू मात्र मोठ्यांना विचारूनच उघडा!