पिंप घासा, पण घासणी बघून!

मैत्रिणींनो, शहागंजच्या बाजारातून अळूची जुडी आणलीत, की वड्यांचं पीठ कालवण्याआधी एक गंमत करून पाहा. एक पान ताटात पसरा आणि बोटानं त्यावर पाण्याचे चार थेंब सोडा. थेंब पसरणार नाहीत. पाऱ्याच्या गोळ्यांसारखे इकडून तिकडे पळतील आणि जाता जाता पानावरची धूळही घेऊन जातील. आता त्याच पानाचा एक कोपरा अंगठ्यानं जरा जोरात चोळा आणि तिथे थेंब टाका. पाणी लगेच पसरेल, पान भिजेल. पान तेच, पाणीही तेच. मग तेवढ्यात बिघडलं काय?

बिघडला तो पानाचा अगदी वरचा, डोळ्यांना न दिसणारा थर. आणि गंमत म्हणजे, घासणी हातात घेऊन आपण रोज घरातल्या प्लॅस्टिकच्या वस्तूंचं हेच करत असतो. निर्लेप तव्याचं, डब्यांचं आणि पाण्याच्या पिंपाचंही. तवा खराब झाला तर फार तर नवा घेता येईल. पिंपाची गोष्ट वेगळी आहे. ज्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही, तिथे पिंपाच्या आतल्या भिंतीशी घरातल्या मुलाबाळांची तब्येत बांधलेली असते. म्हणून या न दिसणाऱ्या थराची ओळख आपण गृहिणींनीच करून घ्यायला हवी.

केसाहून बारीक टेकड्या

एका मिलिमीटरचे हजार भाग केले, की त्यातला एक भाग म्हणजे मायक्रॉन. आपला केस साधारण ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो. त्या एका मायक्रॉनचेही पुन्हा हजार भाग केले, की झाला नॅनोमीटर. हल्ली जाहिरातींत 'नॅनो' हा शब्द उठसूट भेटतो, त्याचा अर्थ एवढाच.

जर्मनीतल्या बॉन विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म बार्थलॉट १९७० च्या दशकापासून पानं सूक्ष्मदर्शकाखाली तपासत होते. त्यांच्या लक्षात आलं, की काही पानं नेहमीच स्वच्छ असतात, ती धुवावी लागतच नाहीत. त्यात अव्वल नंबर कमळाच्या पानाचा. वरून गुळगुळीत वाटणारं हे पान खरं म्हणजे खडबडीत निघालं. त्यावर काही मायक्रॉन उंचीच्या असंख्य टेकड्या आणि त्या टेकड्यांवर मेणाचे नॅनोमीटरच्या मापाचे कण. पाण्याचा थेंब या टोकांवर नुसता टेकतो, खाली हवाच राहते. त्यामुळे तो चिकटत नाही, घरंगळतो. १९९७ साली बार्थलॉट आणि त्यांचे सहकारी नाइनहुइस यांनी हे सविस्तर मांडलं. आपला अळू याच कुळाचार्‍याचा. अंगठ्यानं चोळलं की मेण पुसलं जातं, टेकड्या दबतात आणि जादू संपते.

म्हणजे वस्तू कशाची आहे एवढंच पाहून भागत नाही. तिचा वरचा थर कसा आहे, हेही पाहावं लागतं.

प्लॅस्टिक मोठं नकलाकार

प्लॅस्टिक हे पॉलिमर. म्हणजे छोट्या रेणूंची कडी कडीला जोडून केलेली लांबच लांब साखळी. त्याचा एक गुण असा, की ते गरम करून साच्यात दाबलं तर साच्यावरची बारीकातली बारीक रेघ उचलतं. अगदी तुपाच्या हातानं पुरणाचा मुटका वळला की त्यावर बोटांच्या रेषा उमटतात तसं.

१९८२ साली गाण्यांची सीडी आली. तिच्यातलं सगळं गाणं म्हणजे प्लॅस्टिकमध्ये उमटवलेले मायक्रॉनहूनही अरुंद खळगे. राखीवरच्या किंवा भेटीच्या कागदावरच्या चमकीत सप्तरंग दिसतात, तिथेही बहुतेकदा सात रंग लावलेले नसतात. पातळ प्लॅस्टिकवर इतक्या बारीक रेघा दाबलेल्या असतात, की त्यांच्यावरून उजेडच फुटून रंग दिसतात. औषधांच्या खोक्यावरची 'अस्सल माल' सांगणारी चकचकीत चिकटपट्टी तीच.

हीच विद्या आता दवाखान्यातही शिरली आहे. फ्लोरिडा विद्यापीठातले अँथनी ब्रेनन यांनी शार्क माशाच्या कातडीवरून धडा घेतला. त्या कातडीवर शेवाळ सहसा बसत नाही. तशाच दोन-दोन मायक्रॉनच्या बारीक पट्ट्या त्यांनी प्लॅस्टिकवर उमटवल्या, तर त्यावर जंतूंनाही वस्ती करायला अवघड गेलं. मोजून-मापून केलेला खडबडीतपणा असा जंतूंना दूर ठेवतो. आपण तारेच्या घासणीनं केलेला वेडावाकडा खडबडीतपणा मात्र त्यांना घर बांधून देतो. ते कसं, हे पुढे पिंपापाशी येईलच.

तव्याला न चिकटणारं तव्याला चिकटतं कसं?

निर्लेप तव्यावर लावतात ते टेफ्लॉन. ते अमेरिकेत ६ एप्रिल १९३८ रोजी रॉय प्लंकेट या रसायनतज्ज्ञाला अचानक सापडलं. त्याला काहीच चिकटत नाही. मग प्रश्न असा, की ते स्वतः तव्याला कसं चिकटवायचं?

उत्तर फ्रान्समधल्या मार्क ग्रेग्वार या अभियंत्याला सापडलं. आधी ते टेफ्लॉन आपल्या मासेमारीच्या सामानाला लावत. त्यांची पत्नी कोलेत म्हणाली, "हेच माझ्या भांड्यांना लावा की!" १९५४ साली त्यांनी त्याचं पेटंट घेतलं आणि १९५६ मध्ये टेफाल कंपनी निघाली. युक्ती अशी होती, की ॲल्युमिनियम आधी आम्लानं खायचं. त्यावर डोळ्यांना न दिसणारे खळगे पडतात. टेफ्लॉन त्या खळग्यांत उतरून बसतं आणि मग निघत नाही. आपण पाटा-वरवंट्याला टाकी लावून घेतो ना, तशीच ही टाकी, फक्त फार बारीक.

आता हे लक्षात आलं, की तवा कसा जपायचा ते वेगळं सांगायला नको. स्टीलचं उलथणं, तारेची घासणी, राख, वाळू या गोष्टी त्या पातळ थराला ओरखडतात. लाकडी उलथणं आणि मऊ घासणी वापरा. रिकामा तवा मोठ्या आचेवर ठेवून फोन घ्यायला जाऊ नका. साधारण २६० अंशांच्या वर हा थर बिघडायला लागतो आणि फार तापला तर त्याच्या वाफा बाधतात. पिंजऱ्यातले पक्षी तर त्या वाफांनी दगावतात. एखादा कपचा चुकून पोटात गेलाच तर घाबरू नका, तो न पचता बाहेर पडतो. पण सगळा थर उडालेला तवा मात्र ठेवू नका.

आता आपलं पिंप

पाण्याची चिंता या गावाला नवी नाही. सतराव्या शतकात मलिक अंबरनं जमिनीखालून नहर आणून या शहराला पाणी पाजलं. आज छत्रपती संभाजीनगरला पैठणच्या नाथसागराचं पाणी येतं. पण गेली कित्येक वर्षं इथल्या बायकांनी ते दिवसाआड नव्हे, कित्येक दिवसांच्या अंतरानं येताना पाहिलं आहे. शहागंज, सिटी चौक, गुलमंडी या जुन्या वस्त्यांत घरं दाटीची. अंगणात हौद बांधायला जागा कुठली? मग प्लॅस्टिकचे ड्रम, पिंपं आणि कॅन हाच आधार.

पाणी साठून राहिलं, की भिंतीला हात लावल्यावर बुळबुळीत लागतं. तो नुसता मळ नसतो. जंतूंनी स्वतःभोवती विणलेलं ते चिकट पांघरूण असतं. एक जंतू साधारण एक-दोन मायक्रॉनचा. तारेच्या घासणीनं पडलेला ओरखडा त्याच्यापुढे खोल दरीसारखा. दरीत बसलेल्या जंतूला ना फडकं पोचत, ना पाण्याची धार. शिवाय पाण्यात टाकलेलं क्लोरीन त्या बुळबुळीतच खर्ची पडतं. म्हणून आधी पिंप स्वच्छ, मग औषध. औषधाचं प्रमाण बाटलीवर लिहिलं असेल तेच, अंदाजपंचे नको.

दुसरा पाहुणा डासाचा. डेंग्यू पसरवणारी एडिस जातीची डासीण अंडी घालते ती बहुधा पाण्याच्या रेषेच्या जरा वर, ओल्या भिंतीवर. खडबडीत जागा तिला विशेष आवडते. अंडी काळी, मिलिमीटरहून लहान आणि घट्ट चिकटलेली. पिंप नुसतं उपडं करून वाळवलं तरी ती मरत नाहीत, महिनोन् महिने तग धरतात. नवं पाणी आलं की फुटतात आणि उन्हाळी हवेत आठ-दहा दिवसांत डास उडायला लागतो. म्हणूनच आठवड्यातून एकदा 'कोरडा दिवस' पाळा असं आरोग्य खातं सांगतं. पण पाणी ओतणं पुरेसं नाही. भिंत घासायलाच हवी.

म्हणजे पंचाईत अशी: घासलं नाही तर अंडी राहतात, चुकीचं घासलं तर जंतूंना दऱ्या मिळतात. यातून मार्ग आहे. घासायचं, पण काथ्या, वाळू, राख किंवा तार घेऊन नाही. जुन्या पंचाचं जाडसर फडकं किंवा नायलॉनच्या मऊ केसांचा ब्रश पुरतो. जोर कमी, पण हात सगळीकडे फिरला पाहिजे. पाण्याच्या रेषेचा पट्टा, काठाची खाच आणि झाकणाची आतली बाजू या तीन जागा हमखास राहून जातात. पाणी येण्याच्या दिवशी पिंप तळाला गेलेलं असतं. तेव्हा तांब्या-दोन तांबे पाण्यात हे काम होतं. मात्र पाणी आठवड्याहून लांबलं, तर राहिलेलं पाणी गाळून दुसऱ्या भांड्यात काढा आणि घासायचा दिवस चुकवू नका. ते धुवण गटारात किंवा कुंडीखालच्या ताटलीत ओतू नका, कोरड्या मातीवर किंवा उन्हातल्या फरशीवर ओता.

पिंपाचं आयुष्य संपलं हे कसं ओळखाल? रिकाम्या पिंपात टॉर्च तिरका धरून पाहा. ओरखडे चमकतील. चार-दोन असतील तर हरकत नाही. जाळंच दिसलं, तर ते पिंप पिण्याच्या पाण्यावरून काढून धुण्या-भांड्यांच्या पाण्याला लावा. उन्हात ठेवलेलं पिंप काही वर्षांनी पांढुरकं पडतं आणि हाताला भुकटी लागते. उन्हानं साखळ्या तुटून वरच्या थराला बारीक भेगा पडल्याची ती खूण. गच्चीवरच्या टाकीचं प्लॅस्टिक काळं असतं ते उगीच नाही. त्यातली काजळी ऊन अडवते.

नवं पिंप घेताना आतून बोट फिरवून पाहा, गुळगुळीत हवं. तळाला त्रिकोणात २ किंवा ५ आकडा असतो. ती प्लॅस्टिकची जात झाली. खाद्यपदार्थांसाठी चालेल, असा वेगळा शिक्काही विचारा. आणि स्वस्त मिळतो म्हणून जुना ड्रम घेऊ नका. त्यात पूर्वी कुठलं रसायन होतं हे विकणाऱ्याला सांगता आलं नाही, तर घासून घासून काही उपयोग नाही. प्लॅस्टिकच्या अंगात ते मुरलेलं असतं.

भोकांचं काम करणारं प्लॅस्टिक

काही पाणी-गाळण्यांत पॉलिमरच्या बारीक नळ्या असतात. त्यांच्या भिंतींना मायक्रॉनच्या दहाव्या ते शंभराव्या भागाएवढी छिद्रं असतात. जंतू त्याहून मोठा, म्हणून तो बाहेरच राहतो. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतही अशा पडद्यांवर संशोधन झालं आहे. ही गाळणी विजेशिवाय चालू शकते आणि फारसं पाणी वाया घालवत नाही. मात्र पाण्यातले क्षार ती काढत नाही आणि अगदी बारीक विषाणू प्रत्येक गाळणीत अडतीलच असं नाही.

आर.ओ. यंत्र क्षार काढतं, पण बरंच पाणी बाहेर टाकतं. २०१९ साली राष्ट्रीय हरित लवादानं सांगितलं, की जिथे पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमहून कमी आहेत तिथे या यंत्रांवर बंदी घालावी. तेव्हा विक्रेत्याचं ऐकण्याआधी आपलं पाणी तपासून घ्या. बोअरचं पाणी वेगळं, नळाचं वेगळं. आणि यंत्र असेलच, तर बाहेर पडणारं पाणी फरशी पुसायला ठेवा. पाण्याची किंमत तुम्हाला काय सांगावी!

जाता जाता

• डब्याला हळदीचा डाग पडला तर तारेनं खरवडू नका. हळदीचा रंग तेलाबरोबर प्लॅस्टिकमध्ये उतरतो, घासून निघत नाही. साबणानं धुऊन दोन-तीन दुपारी उन्हात ठेवा. उन्हात तो रंग विटतो. रोज मात्र प्लॅस्टिक उन्हात नको.

• धूळ पुसायचं मायक्रोफायबर फडकं सुती कपड्यांबरोबर धुऊ नका, त्यांचे तंतू त्यात अडकतात. कपडे मऊ करणारं द्रावणही नको. त्यानं फडक्याच्या बारीक खाचा बुजतात आणि ते धूळ धरेनासं होतं.

• गरम आमटी-भाजी ओरखडलेल्या प्लॅस्टिकच्या डब्यात भरू नका. त्याला स्टीलच बरं.

• घरात पिंपासाठी वेगळी घासणी ठेवा आणि तिला ओळखीचा दोरा बांधा. भांडी घासणारी बाई येत असेल, तर तिलाही कारण समजावून सांगा. नुसता हुकूम दिला की तो विसरला जातो, कारण कळलं की लक्षात राहतं.

पुढच्या वेळी अळूवड्या कराल तेव्हा ते थेंब मुलांना जरूर दाखवा. आणि मग पिंप घासायला त्यांनाच टॉर्च धरून उभं करा!