वज्रेश्वरीचे ऊन पाणी आणि मज्जातंतूंचा एक आजार



गळीत हंगाम आटोपला की आपल्यापैकी पुष्कळ जण घरच्यांना घेऊन देवदर्शनास निघतात. ठाणे जिल्ह्याच्या भिवंडी तालुक्यातील वज्रेश्वरी हे त्यांपैकीच एक ठिकाण. १७३९ साली वसई सर झाल्यावर चिमाजी अप्पांनी नवस फेडण्यासाठी तेथे देवीचे मंदिर बांधविले. चैत्र वद्य चतुर्दशी व अमावास्येस यात्रा भरते. जवळच तानसा नदीच्या परिसरात अकलोली व गणेशपुरी येथे ऊन पाण्याची कुंडे आहेत. गुडघे धरले, कंबर दुखली, की "कुंडात बसून या, बरं वाटेल" असे आपण सहज सांगतो. आम्हीही सांगत आलो. आमचा असाच एक सल्ला आमच्या चुलत बहिणीला भोवला, म्हणून हा लेख.

तिचे वय ३४. पायांना मुंग्या येत, चालताना तोल जाई, एका डोळ्याने मधूनच अंधुक दिसे. मेंदूविकारतज्ज्ञांनी एम.आर.आय. काढून 'मल्टिपल स्क्लेरोसिस', थोडक्यात एम.एस., असे निदान केले व इंजेक्शने सुरू केली. घरात कोणाला ते नावही नीट घेता येईना. आम्ही मोठेपणाने म्हणालो, "पायातलं बळ गेलं म्हणजे वाताचाच प्रकार. कुंडात चांगली पंधरा मिनिटं बसव." बाहेर येताना तिला उभे राहता येईना. "दादा, मला काही दिसत नाही हो," असे ती म्हणाली तेव्हा आमचेच पाय लटपटले. कोणी म्हणाले, देवीचा कोप झाला. आम्ही तिला सावलीत निजवले, गार पाण्याच्या पंचाने अंग पुसले, वारा घातला. तासा-दीड तासाने दिसू लागले. संध्याकाळी ती काठी टेकत चालली. यात दोष कुंडाचा नाही व देवीचाही नाही, तो आमच्या अर्धवट ज्ञानाचा. डॉक्टरांनी पुढे उलगडा केला तो असा.

विहिरीवरील मोटारीची केबल आठवा. आत तार, वर वेष्टण. आपल्या मज्जातंतूंनाही असेच वेष्टण असते, त्यास मायलिन म्हणतात. या आजारात शरीराची संरक्षणशक्ती चुकून याच वेष्टणावर हल्ला करते. मग मेंदूचा हुकूम हातापायांपर्यंत मंद पोहोचतो किंवा पोहोचतच नाही. फ्रान्समधील डॉ. शार्को यांनी १८६८ साली या रोगाचे सविस्तर वर्णन केले. तो बहुधा २० ते ४० या वयात सुरू होतो, पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक आढळतो. तो स्पर्शाने पसरत नाही.

आता उष्णतेचे. वेष्टण खराब झालेल्या तंतूतून संदेश कसाबसा जात असतो. अंगाचे तापमान अर्धा अंश वाढले तरी तो अडतो. जर्मनीतील डॉ. उथॉफ यांनी हे १८९० साली नोंदविले. पूर्वी तर रोग ओळखण्यासाठी रुग्णास गरम पाण्यात बसवून पाहत. अंग थंड झाले की त्रास ओसरतो व नवी इजा होत नाही. पण तेवढ्या वेळात माणूस पाण्यात बुडू शकतो. पायांची संवेदना कमी असेल तर पोळलेलेही कळत नाही.

आपल्या धंद्यातले उदाहरण घ्या. काणी व गवताळ वाढीसाठी आपण बेण्यास ५० अंश सेल्सिअसला २ तास उष्णजल प्रक्रिया देतो. पाणी जास्त तापले की डोळेच मरतात. ऊन पाणी औषध खरे, परंतु कोणाला, किती व किती वेळ, हे पाहूनच.

दुसरी गोष्ट उपायांची. बहुतेकांत हा आजार झटक्याझटक्याने येतो व मध्ये आपोआप ओसरतो. त्या बऱ्या दिवसांत जी पुडी चालू असेल तिला श्रेय मिळते. पाऊस पडून ऊस हिरवा व्हावा आणि नाव आदल्या दिवशी टाकलेल्या भुकटीचे व्हावे, तसे! मधमाशीच्या डंखाचा उपाय परदेशांत गाजला. नेदरलँड्समधील चाचणीत (२००५) त्याचा गुण दिसला नाही. मानेच्या शिरा फुगवून रुंद करण्याची २००९ साली गाजलेली शस्त्रक्रियाही पुढील चाचण्यांत टिकली नाही. गुळवेल 'शक्ती वाढवते' म्हणून घेतात. पण येथे संरक्षणशक्तीच वाट चुकलेली आहे. शिवाय गुळवेल घेतल्यानंतर यकृतास इजा झालेले रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ साली नोंदविले आहेत. अशा वस्तू डॉक्टरांस विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

याउलट योगासने, हलका व्यायाम व फिजिओथेरपी यांनी थकवा कमी होण्यास व तोल सुधारण्यास मदत होते. ते औषधाच्या जोडीने करावे, औषधाऐवजी नव्हे. रोग समूळ घालविणारे औषध आज नाही. झटके कमी करणारी औषधे मात्र १९९३ पासून निघाली आहेत. बरे वाटले म्हणून ती बंद करणे म्हणजे पीक हिरवे दिसते म्हणून पाणी तोडणे होय.

तेव्हा घरात असा रुग्ण असल्यास :

१. देवदर्शनास खुशाल न्यावे. ऊन कुंडात मात्र उतरवू नये. ओंजळभर पाणी, निवले की, डोक्यास लावावे.
२. शेतातील कामे सकाळी लवकर उरकावीत, दुपारी सावलीत विसावा घ्यावा, ओला पंचा जवळ ठेवावा.
३. ताप आल्यास लगेच उपचार करावा. ताप व उष्णता नसताना नवा त्रास २४ तासांहून अधिक टिकला तर तडक डॉक्टरांकडे जावे.
४. विडी-सिगारेट बंद करावी. तिने रोग बळावतो.
५. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात या आजाराचा समावेश आहे; दाखल्यासाठी जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी. १९८५ पासून मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था रुग्णांसाठी काम करीत आहे.

आमची बहीण आज काठी घेऊन अंगणात फिरते, दुपारी पंख्याखाली पडते आणि इंजेक्शन चुकवीत नाही. "दादा, सल्ला देण्याआधी विचारत जा," असे ती हसत म्हणते. तिचे म्हणणे आम्ही मान्य केले आहे. सभासदांनीही करावे, ही विनंती.

आपला,
ऊस विकास अधिकारी